घोडेस्वार आणि आकडे : एका भगिनीसंघाच्या सेवेचा इतिहास वाचताना

कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील विद्यापीठात १९२० साली सतरा कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. त्यांत मुली आठ. त्यांपैकी एक आयडा लुईस जॅक्सन, मिसिसिपीतल्या विक्सबर्ग गावी जन्मलेली आणि शिक्षिका होण्याचे मनाशी ठरवून आलेली. १९२१ मध्ये यांतल्या काही मुलींनी मिळून ‘आल्फा कॅप्पा आल्फा’ या भगिनीसंघाची ‘रो’ ही शाखा तिथे काढली. विद्यापीठाच्या वार्षिकांकात अशा सगळ्या मंडळांचे गटफोटो छापले जात. या मुलींनीही ठरलेले पैसे भरले आणि फोटो काढून घेतला. अंक छापून आला तेव्हा त्यात त्यांचा फोटो नव्हता. चौकशी केल्यावर उत्तर मिळाले ते असे की, हा गट विद्यार्थिवर्गाचे प्रतिनिधित्व करत नाही.

जॅक्सनबाईंनी ही हकीकत सांगितली ती वयाची ऐंशी उलटल्यावर, १९८४-८५ च्या सुमारास, विद्यापीठाच्याच मौखिक इतिहास विभागाला दिलेल्या मुलाखतीत. मधल्या साठ वर्षांत त्या ओकलंडच्या सार्वजनिक शाळांतल्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका झाल्या होत्या, संघाच्या राष्ट्रीय अध्यक्ष झाल्या होत्या आणि मिसिसिपीच्या कापूस-मुलखात फिरता दवाखाना घेऊन गेल्या होत्या. या सगळ्याचे कागद आहेत. फोटो न छापल्याचा कागद मात्र कोण कशाला ठेवील? एखाद्या सेवाभावी संस्थेचा इतिहास लिहायचा तर अशा न ठेवलेल्या कागदांचे काय करायचे, हा या लेखाचा विषय आहे.

‘सोरोरिटी’ या शब्दात लॅटिनमधला बहिणीचा शब्द आहे. आपल्याकडे भगिनी मंडळे, भगिनी समाज भरपूर झाले, त्यामुळे ‘भगिनीसंघ’ हा पर्याय कानाला खटकू नये. अमेरिकी महाविद्यालयांत असे संघ एकोणिसाव्या शतकापासून आहेत. नाव ग्रीक अक्षरांचे, प्रवेश निवडीने, दीक्षाविधी गुप्त, रंग आणि चिन्हे ठरलेली. गोऱ्या मुलींच्या संघांत कृष्णवर्णीय मुलींना जागा नव्हती. १९०८ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात एथेल हेजमन आणि तिच्या मैत्रिणींनी आल्फा कॅप्पा आल्फाची स्थापना केली. कमला हॅरिस याच संघाच्या, हॉवर्डमधल्याच. त्यांच्या सभांना गुलाबी-हिरव्या पोशाखांत येणाऱ्या बायकांचे जथे आपल्याकडच्या दूरदर्शन वाहिन्यांनीही दाखवले होते. पण या संघाची खरी वेगळी गोष्ट रंगांत नाही. इथले सदस्यत्व पदवीबरोबर संपत नाही. मुलगी शिक्षिका होते, परिचारिका होते, डॉक्टर होते आणि आपल्या गावच्या पदवीधर शाखेत जाते. पदवीधर शाखेच्या नावाला शेवटी ‘ओमेगा’ जोडलेले असते. वर्गणी, मासिक सभा, इतिवृत्त, शिष्यवृत्त्या आणि वर्षाअखेरीस अहवाल, असा हा आयुष्यभराचा संसार असतो.

अमेरिकी बायकांच्या संघटनांची ही शाखा-वर्गणी-अहवालाची रीत मराठी वाचकाला पहिल्यांदा सविस्तर सांगितली ती पंडिता रमाबाईंनी, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या १८८९ च्या पुस्तकात. रमाबाईंना ही रीत दोन्ही अंगांनी ठाऊक होती. १८८७ मध्ये त्यांच्या कामासाठी बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली होती आणि ठिकठिकाणची ‘रमाबाई सर्कल्स’ वर्गणी गोळा करत होती. म्हणजे अहवाल कोणासाठी लिहिला जातो हे त्यांना कळत होते. अहवाल वर्गणीदारासाठी लिहिला जातो. ज्याच्यासाठी वर्गणी गोळा होते तो अहवालाचा विषय असतो, क्वचितच वाचक. भगिनीसंघांच्या इतिहासांचे वाचन करताना ही साधी गोष्ट उशाशी ठेवावी लागते.

या संघांवरचे लेखन ढोबळमानाने दोन टोकांना आहे. एका टोकाला संघाने स्वतःच लिहून घेतलेले इतिहास. आल्फा कॅप्पा आल्फाचा असा अधिकृत इतिहास मार्जोरी पार्कर यांनी लिहिला आणि तो त्या पुढे वाढवत गेल्या. अशा ग्रंथांत माहिती अफाट असते. अध्यक्षांची कारकीर्द, अधिवेशने, ठराव, देणग्या सगळे जागच्या जागी असते, आणि पुढच्या प्रत्येक संशोधकाला त्यांच्याकडे यावेच लागते. दुसऱ्या टोकाला समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझर. त्यांच्या ‘ब्लॅक बूर्झ्वाझी’ या पुस्तकाने (इंग्रजी आवृत्ती १९५७) कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या दिखाऊपणावर असे कोरडे ओढले की त्यांचे वळ अजून गेलेले नाहीत. फ्रेझरांना या संघांत नाच, पोशाख, अधिवेशनांचा डामडौल आणि खोट्या प्रतिष्ठेची हौस दिसली.

फ्रेझर खोटे सांगत नाहीत. पण ते नाताळातल्या मेजवान्यांचा खर्च मोजतात आणि ऑगस्टमध्ये त्याच बायका कुठे होत्या ते पाहत नाहीत. अधिकृत इतिहास ऑगस्टचे सांगतात, पण तिथे पोहोचल्यावर त्या बायकांना काय गिळावे लागले ते सांगत नाहीत.

मधली वाट काढली ती पॉला गिडिंग्ज यांनी. ‘इन सर्च ऑफ सिस्टरहुड’ हे १९८८ चे पुस्तक डेल्टा सिग्मा थीटा या दुसऱ्या भगिनीसंघाचा इतिहास आहे आणि गिडिंग्ज स्वतः त्या संघाच्या सदस्य. घरच्या माणसाने लिहिलेला इतिहास म्हणून मी तो जरा संशयानेच हाती घेतला होता. पण त्यांनी घरातली भांडणे झाकलेली नाहीत. डेल्टाचा जन्मच भांडणातून झाला. १९१२ च्या अखेरीस हॉवर्डमधल्या आल्फा कॅप्पा आल्फाच्या बावीस मुलींना संघाचे नाव, चिन्हे, उद्देश सगळेच बदलायचे होते. नेली क्वांडर या जुन्या सदस्येने त्याला ठाम विरोध केला आणि संघाची कायदेशीर नोंदणी करून टाकली. बावीस जणी बाहेर पडल्या आणि १३ जानेवारी १९१३ रोजी डेल्टाची स्थापना झाली. त्यांचे पहिले जाहीर पाऊल ३ मार्चच्या मताधिकार मोर्चात पडले. त्या मोर्च्यात कृष्णवर्णीय बायकांनी मागे चालावे असा आग्रह होता. आयडा बी. वेल्स यांनी तो धुडकावला. मौज अशी की, हॉवर्डच्या मुलींना मोर्च्यात मानाची जागा मिळावी म्हणून संयोजक अ‍ॅलिस पॉल यांना पत्रे लिहिणारी बाई नेली क्वांडरच होती. फुटून गेलेल्या ‘पुरोगामी’ आणि मागे राहिलेल्या ‘सनातनी’ अशी सोपी वाटणी इथे करता येत नाही. त्याच १९८८ साली स्पाइक ली यांचा ‘स्कूल डेझ’ हा चित्रपट आला. कृष्णवर्णीय महाविद्यालयातल्या मुलींमध्ये उजळ-सावळ्या रंगावरून आणि केसांच्या पोतावरून पडलेले तट त्याने गाण्यानाचासकट पडद्यावर आणले. गिडिंग्जचे पुस्तक आणि हा चित्रपट एकमेकांशेजारी ठेवले की दोन्ही अधिक चांगले कळतात.

इथे माझे स्वतःचे एक सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावच्या महिला मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे आले होते. जुनी इतिवृत्ते चाळताना दिसले की मंडळाचा शिवणवर्ग दुसऱ्याच वर्षी बंद पडला होता. कारण लिहिले होते, ‘जागेअभावी’. मंडळाच्या सर्वांत जुन्या सभासद तेव्हा नव्वदीच्या होत्या. त्यांना विचारले तर म्हणाल्या, “जागा होती हो. गावाबाहेरच्या वस्तीतल्या चार मुलींनी नावे घातली, आणि मग आमच्यातल्याच कोणाकोणाला यायला वेळ मिळेनासा झाला.” बाईंनी हे सांगताना पदराने चष्मा पुसला. मी ते टिपून घेतले. स्मरणिकेत मात्र ‘जागेअभावी’ तसेच राहिले. कार्यक्रमाला आठवडा उरला होता, प्रायोजक ठरले होते, आणि मी संपादक होतो. तेव्हापासून कोणत्याही सेवासंस्थेच्या इतिहासात ‘जागेअभावी’, ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ असे शब्द आले की मी तिथे थांबतो.

तर आता मिसिसिपी. १९३४ च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय अध्यक्ष असलेल्या जॅक्सनबाई होम्स काउंटीतल्या लेक्झिंग्टन गावी ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग घ्यायला गेल्या. हा त्यांचाच मुलूख. तिथे त्यांच्या लक्षात आले की आजारी आणि अर्धपोटी माणसांना अध्यापनपद्धती शिकवण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षीपासून शिक्षणाच्या जोडीला आरोग्याचे काम सुरू झाले आणि लवकरच तेच मुख्य झाले. वैद्यकीय संचालक होत्या डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी. टफ्ट्स विद्यापीठाच्या १९२४ च्या वैद्यकीय पदवीधर आणि वॉशिंग्टनमधल्या हॉवर्डशी जोडलेल्या. बरोबर संघातल्याच डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका. सगळ्या आपापल्या उन्हाळी सुटीत आणि आपापल्या मोटारींतून निघालेल्या.

बेत असा होता की पाच-सहा ठिकाणी दवाखाने उघडायचे आणि लोकांनी तिथे यायचे. लोक आले नाहीत. मळेवाल्यांनी त्यांना सोडले नाही. बटईने कापूस पिकवणारी ही कुटुंबे. बियाणे मालकाचे, दुकान मालकाचे, उधारीची वही मालकाची, आणि हंगामाच्या शेवटी हिशेबही मालकच सांगणार. शेजारच्या आर्कान्सामध्ये जुलै १९३४ मध्ये गोऱ्या-काळ्या बटईदारांनी मिळून ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ काढली होती. वॉशिंग्टनहून मोटारी भरून आलेल्या सुशिक्षित काळ्या बायका पाहिल्यावर मळेवाल्यांच्या पोटात गोळा उठला असेल तर नवल नाही. मग बायकांनी दवाखानाच मोटारींत घातला. ज्या मोटारींतून आल्या त्याच मोटारींतून लसी, औषधे, तपासणीचे सामान घेऊन त्या मळ्यामळ्यावर जाऊ लागल्या. कधी चर्चमध्ये, कधी शाळेच्या खोलीत टेबल मांडायचे आणि रांग लावायची. ‘फिरत्या दवाखान्याचा अभिनव प्रयोग’ असे याचे वर्णन पुढे गौरवाने झाले. गौरव योग्यच आहे. पण ही कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली नाही, मळ्याच्या बंद फाटकातून निघाली, हे त्या गौरवात सहसा येत नाही.

१९३५ ते १९४२, दर उन्हाळ्यात दोन ते सहा आठवडे हे काम चालले. पहिल्या वर्षानंतर मुक्काम मुख्यतः बोलिव्हर काउंटीत. मुलांना घटसर्प आणि देवीच्या लसी टोचल्या, हिवताप आणि उपदंशावर उपचार केले, दात तपासले, आहाराची माहिती दिली. एकेका मोसमात अडीच ते चार हजार माणसे येत. एकूण लाभार्थींचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगितला जातो. १९४२ मध्ये युद्धामुळे पेट्रोल आणि टायर मोजूनमापून मिळू लागले आणि काम थांबले. संघाच्या परिचयात हा प्रकल्प एवढाच येतो. वर्षे, आकडा, थांबण्याचे कारण.

फेरेबींच्या कथनात याहून एक गोष्ट जास्त आहे. दवाखाना चालू असताना मळ्याचे घोडेस्वार मुकादम कमरेला पिस्तुले लावून आसपास सारखे घिरट्या घालत. तपासणारी बाई बटईदाराला काय विचारते आहे, तो काय सांगतो आहे, हे ऐकायला कान टवकारून. हे वाचल्यानंतर तो पंधरा हजारांचा आकडा पूर्वीसारखा राहत नाही. समजा एका आईला विचारले, मुलाला काय खायला देतेस? तर मक्याचे पीठ, खारवलेले डुकराचे मांस, काकवी. दूध नाही? भाजी नाही? आता पुढचा प्रश्न असायला हवा होता, का नाही? आणि त्याचे उत्तर होते की कापूस अगदी दारापर्यंत लावलेला आहे, परसातली जागासुद्धा मालकाची आहे. तो प्रश्न घोडेस्वाराच्या देखत विचारता येणार नव्हता. मग दूध आणि पालेभाज्यांचे महत्त्व सांगायचे आणि पुढच्या मुलाला बोलवायचे.

सुझन स्मिथ यांच्या ‘सिक अँड टायर्ड ऑफ बीइंग सिक अँड टायर्ड’ (१९९५) या पुस्तकात या प्रकल्पावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि माझ्या मते या विषयावरचे ते सर्वांत प्रामाणिक लेखन आहे. पुस्तकाचे नाव मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर यांच्या प्रसिद्ध उद्गारावरून घेतलेले. हेमरही बटईदाराच्या घरातल्या. स्मिथ दोन गोष्टी एकत्र धरून ठेवतात. या बायकांनी जिवाची जोखीम घेतली हे खरे. आणि गावातल्या सुइणी, घरगुती औषधे, लोकसमजुती यांच्याकडे त्या शहरी, शिकलेल्या माणसाच्या वरच्या पायरीवरून पाहत होत्या हेही खरे. बटईदारांचे आजार म्हणजे त्यांचे अज्ञान, असा सूर त्या लेखनात अधूनमधून लागतो. फेरेबींना मूळ दुखणे दिसत नव्हते असे नाही. आरोग्य आणि दारिद्र्य वेगळे काढता येत नाही हे त्या मांडत होत्या. मात्र ‘दारिद्र्य’ म्हणणे एक आणि ‘दारिद्र्य कोणी केले’ हे म्हणणे दुसरे. दुसरे वाक्य उच्चारले असते तर पुढच्या उन्हाळ्यात एकाही मळ्याचे फाटक उघडले नसते आणि मुलांना लस मिळाली नसती. प्रवेशाची किंमत म्हणून गप्प बसणे त्यांनी कबूल केले. मी तिथे असतो तर वेगळे केले असते असे म्हणायची माझी तयारी नाही. माझ्यासमोर पिस्तूल नव्हते, नुसते प्रायोजक होते, तरी मी ‘जागेअभावी’ छापले.

पण गोष्ट इथे संपली असती तर फ्रेझरांचे बरेचसे म्हणणे खरे ठरले असते. ती संपली नाही. १९३८ मध्ये संघाच्या संस्थापकांच्या पिढीतल्या नॉर्मा बॉइड यांनी वॉशिंग्टनमध्ये एक कायमस्वरूपी लॉबी उभी करवली. काँग्रेसमध्ये येणाऱ्या विधेयकांवर लक्ष ठेवायचे, प्रतिनिधींना गाठायचे, साक्षी द्यायच्या. लिंचिंगविरोधी कायदा, नोकऱ्यांतला भेदभाव हे तिचे विषय. म्हणजे उन्हाळ्यात मिसिसिपीमध्ये जे बोलता येत नव्हते ते उरलेले वर्षभर वॉशिंग्टनमध्ये बोलायचे. १९३९ मध्ये फेरेबी संघाच्या राष्ट्रीय अध्यक्ष झाल्या, त्यामुळे काही काळ दोन्ही कामांवर एकाच बाईची देखरेख होती. अधिकृत इतिहासांत मात्र ‘आरोग्य’ आणि ‘लोकहितविषयक कार्य’ अशी ही दोन वेगळी प्रकरणे पडतात. वर्गवारीच्या सोयीसाठी पाडलेल्या या भिंतीमुळे त्या बायकांची सगळ्यात शहाणी चाल वाचकाच्या नजरेतून सुटते.

आणखी एक भिंत आहे, तिच्याकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. बोलिव्हर काउंटीत माउंड बायू नावाचे गाव आहे. १८८७ मध्ये पूर्वीच्या गुलामांनी वसवलेले, संपूर्ण कृष्णवर्णीय वस्तीचे. भगिनीसंघाचा दवाखाना बंद पडला त्याच १९४२ साली या गावात टॅबोरियन हॉस्पिटल सुरू झाले. ते ना सरकारने काढले, ना कोणा दानशूराने, ना पदवीधर बायकांनी. ‘नाइट्स अँड डॉटर्स ऑफ टॅबोर’ या बंधुभगिनी मंडळाच्या सभासदांनी वर्षानुवर्षे भरलेल्या वर्गणीतून ते उभे राहिले, आणि हे सभासद बहुतेक बटईदार आणि शेतमजूर होते. दीक्षाविधी, पदव्या, पोशाख हा सगळा थाट या मंडळातही होता. फरक इतकाच की इथे देणारा आणि घेणारा एकच. सभासदाने वर्षाची वर्गणी भरली की आजारपणात त्याला खाट मिळे. ती मेहरबानी नव्हती, हक्क होता. ज्यांना दूध का प्यावे हे आठ उन्हाळे समजावून सांगितले गेले त्या माणसांपैकी किती जण तेव्हाच पैसा पैसा गोळा करून शस्त्रक्रियागृह बांधत होते, याची नोंद भगिनीसंघाच्या आकड्यांत शोधून सापडणार नाही. अज्ञानाच्या खात्यावर मांडलेल्या लोकांची ही दुसरी वही होती. तिची दखल घ्यायची तर शाखेचा इतिहास शाखेच्या कपाटाबाहेर जाऊन लिहावा लागतो. आपल्याकडे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या पुस्तकासाठी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरोघरी जाऊन जे केले, ते या मळ्यांवर कोणी वेळेत केले असते तर रांगेत उभ्या असलेल्या आईच्या तोंडून तो घोडेस्वार कसा दिसत होता हेही आज कळले असते.

फॅनी लू हेमर १९७७ मध्ये वारल्या त्या माउंड बायूच्याच रुग्णालयात. आयडा जॅक्सन १९९६ पर्यंत जगल्या. बर्कलीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाला आता त्यांचे नाव आहे.